विद्यापीठाच्या आवारासाठी केंद्रीय उष्णता व वीज केंद्र: आधी भार, मग यंत्र

थंड देशातल्या विद्यापीठासाठी केंद्रीय उष्णता व वीज केंद्र आखण्याचे काम पुण्यातल्या डिझाइन ऑफिसांत येते. अमेरिकेत-कॅनडात एमएस करणाऱ्या मुलांच्या प्रकल्पांतही हा विषय असतो. यातल्या बऱ्याच आराखड्यांत पहिल्याच पानावर टर्बाइनचे किंवा गॅस इंजिनाचे मॉडेल ठरलेले दिसते आणि पुढची सगळी आकडेमोड त्या यंत्राला बसेल अशी केलेली असते.

ही सवय कुठून येते ते कळते. आपल्याकडे कोजनरेशनची, म्हणजे एकाच इंधनातून वीज आणि उष्णता दोन्ही मिळवण्याची, ओळख अनेकांना साखर कारखान्यात होते. गाळप हंगाम सुरू झाला की तिथे वाफेची मागणी रात्रंदिवस जवळपास एकसारखी असते आणि बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, घरचाच असतो. बॉयलर-टर्बाइनपासून सुरुवात केली तरी तिथे निभावते. विद्यापीठाचा भार तसा नसतो. जानेवारीच्या पहाटे जिथे २० मेगावॅट उष्णता लागते, तिथेच जुलैच्या रात्री अडीच मेगावॅट पुरते. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. पाचव्या टप्प्यापर्यंत यंत्राचे नाव काढायचे नाही.

पुढे सगळीकडे एकच मानीव उदाहरण घेतले आहे: बर्फाळ हिवाळ्याच्या प्रदेशातले आवार, उष्णतेचा कमाल भार २० मेगावॅट. आकडे समजण्यापुरते आहेत. तुमच्या कामात तुमचेच घाला.

तयारी: हे कागद हाती आल्याशिवाय गणित नको

- निदान तीन वर्षांचा विजेचा तासातासाचा वापर. महिन्याची बिले पुरत नाहीत.
- गॅसची दररोजची नोंद आणि त्याच दिवसांचे बाहेरचे तापमान.
- जुने बॉयलर असतील तर त्यांचे लॉगबुक.
- प्रत्येक इमारतीचे क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचे वर्ष आणि आत उष्णता कशाने दिली जाते: रेडिएटर, फॅन कॉइल की एअर हँडलर.
- वीज व गॅसचे करार. विजेच्या बिलातला डिमांड चार्ज, म्हणजे कमाल मागणीवरचा आकार, वेगळा काढा. गॅसचा पुरवठा ऐन थंडीत तोडण्याची मुभा कंपनीला आहे का, ते कलम शोधा.
- जमिनीखालच्या जुन्या वाहिन्या, केबल, गटारे यांचा नकाशा.
- पुढच्या दहा वर्षांत काय बांधणार आणि काय पाडणार, याची यादी.

सावधान, एककांचा घोळ. अमेरिकी कागदांवर एमबीएच म्हणजे ताशी हजार बीटीयू, दशलक्ष नव्हे. एक एमबीएच म्हणजे ०.२९३ किलोवॅट. ताशी दशलक्ष बीटीयूसाठी एमएमबीएच लिहितात आणि ते होतात २९३ किलोवॅट. इथे घसरलात तर उत्तर हजारपटीने चुकते. चूक एवढी मोठी असली की लगेच पकडली जाते, पण एखाद्याच इमारतीच्या ओळीत झाली तर बेरजेत दडून राहते.

दुसरा घोळ याहून वाईट, कारण तो दिसत नाही. इंजिनाची कार्यक्षमता उत्पादक इंधनाच्या निम्न उष्मांकावर (धुरातल्या वाफेची उष्णता न धरता) सांगतात, तर अमेरिकेत गॅसचे बिल उच्च उष्मांकावर (ती धरून) येते. नैसर्गिक वायूत दोन्हींत साधारण ११ टक्क्यांचा फरक असतो. माहितीपत्रकातले ४२ टक्के बिलाच्या हिशेबात ३८ टक्क्यांवर येतात. प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर कोणता उष्मांक धरला ते लिहा.

टप्पा १: तासातासाचा उष्णता-भार

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. प्रकल्प आटोपशीर होणार की वर्षानुवर्षे पैसा खाणार, हे याच टप्प्यावर ठरते.

इमारतींतल्या रेडिएटरच्या किंवा जुन्या बॉयलरच्या क्षमतांची बेरीज करून कमाल भार काढू नका. त्या क्षमता मुळातच फुगवलेल्या असतात. त्याऐवजी दररोजचा गॅस आणि त्या दिवसाचे सरासरी तापमान यांचा आलेख काढा. थंडीच्या दिवसांचे बिंदू बहुतेक एका सरळ रेषेत येतात. ती रेषा डिझाइन तापमानापर्यंत, म्हणजे ज्या थंडीसाठी केंद्र आखायचे तिथपर्यंत, वाढवली की दिवसाचा सरासरी भार मिळतो. त्यावर सकाळी इमारती तापवण्याचा ताण चढवा. हा ताण तासातासाच्या नोंदीतूनच काढायचा, अंदाजाने नव्हे.

डिझाइन तापमान म्हणून आजवरची नीचांकी थंडी घेऊ नका. आश्रे (ASHRAE) या अमेरिकी अभियंता-संस्थेची ९९.६ टक्क्यांची नोंद घ्या. सरासरी वर्षात त्याहून थंड असे सुमारे ३५ तासच असतात आणि तेवढा वेळ इमारतीच्या भिंती सांभाळून नेतात.

इमारतींचा स्वभाव ओळखा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा फ्यूम हूडमुळे (विषारी वाफा ओढून घेणाऱ्या कपाटांमुळे) आतली गरम हवा सतत बाहेर फेकतात आणि तेवढीच बाहेरची थंड हवा तापवून आत घेतात. रात्रीही त्यांचा भार उतरत नाही. वसतिगृहात गरम पाण्याची मागणी सकाळी आणि रात्री उसळते. वर्गखोल्या रात्री थंड ठेवता येतात, पण सकाळी सगळ्या एकदम तापायला लागतात. गरम पाण्यासाठी विविधता गुणांक (सगळ्यांच्या मागणीच्या बेरजेपैकी एका वेळी प्रत्यक्ष लागणारा वाटा) बराच खाली घेता येतो, कारण सगळे एका मिनिटाला आंघोळ करत नाहीत. इमारती तापवण्याच्या भाराला तेवढी सवलत नाही. थंडीची लाट आली की ती सगळ्या आवारावर एकदमच येते.

सावधान: नाताळच्या सुटीत वसतिगृहे रिकामी असतात म्हणून कमाल भार कमी धरू नका. पाण्याच्या वाहिन्या गोठू नयेत म्हणून रिकामी इमारतही तापवावी लागते.

सावधान: जुन्या वाफेच्या केंद्राचे लॉगबुक बॉयलरमधून बाहेर पडलेली उष्णता दाखवते. त्यात वाटेतली गळती, बिघडलेले स्टीम ट्रॅप (वाफ अडवून फक्त पाणी सोडणारे व्हॉल्व्ह) आणि परत न आलेले कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेले पाणी) हे सगळे मिसळलेले असते. हा आकडा जसाच्या तसा नव्या गरम पाण्याच्या जाळ्यावर लादला तर केंद्र विनाकारण मोठे होते.

आता वर्षाचे ८,७६० तास भाराच्या उतरत्या क्रमाने लावा. आपल्या उदाहरणात वक्र असा येतो: सुरुवातीला २० मेगावॅट, ५०० तासांवर १४, २,००० तासांवर ९, ४,००० तासांवर ६, ५,५०० तासांवर ३.५ आणि शेवटी २.५ मेगावॅट. या वक्राखालची वर्षाची उष्णता सुमारे ५७,७०० मेगावॅट-तास भरते.

तपासा: वर्षाची उष्णता भागिले कमाल भार. इथे सुमारे २,९०० तास येतात. थंड प्रदेशातल्या आवारासाठी हा आकडा दीड हजाराखाली गेला तर कमाल भार फुगवलेला आहे असे मी धरतो आणि मागे जाऊन बघतो.

टप्पा २: वाफ की गरम पाणी, आणि किती अंशांवर

नव्या आवारासाठी माझे उत्तर स्पष्ट आहे: गरम पाणी, आणि जमेल तेवढे कमी तापमान. वाफेच्या वाहिन्यांत उष्णता जास्त वाया जाते, ट्रॅप सतत सांभाळावे लागतात आणि कंडेन्सेट परत आणण्याचे वेगळे जाळे लागते. शिवाय वाफेचे जाळे उष्णता पंपाशी (कमी तापमानाची उष्णता विजेने उचलून वरच्या तापमानाला देणाऱ्या यंत्राशी) सहजासहजी जमत नाही. व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने १९२५ पासूनची वाफेची व्यवस्था २०११ ते २०१५ या काळात गरम पाण्यावर नेली. स्टॅनफर्डनेही २०१५ मध्ये आधीचे कोजनरेशन केंद्र बंद करताना वाफेऐवजी गरम पाण्याचे जाळे घातले. कॉर्नेलने मात्र २००९ मध्ये प्रत्येकी सुमारे १५ मेगावॅटची दोन गॅस टर्बाइन बसवताना वाफेचे जाळे ठेवले. जिथे जुने जाळे मोठे आहे तिथे असा निर्णयही समजण्यासारखा आहे, पण तो जाळ्याचे उरलेले आयुष्य तपासून घ्यायचा, सवयीने नाही.

रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्हला (निर्जंतुक करणाऱ्या यंत्राला) वाफ लागते म्हणून अख्ख्या आवारात वाफ फिरवणे हा हट्ट झाला. त्या ठिकाणी छोटे विजेवरचे वाफ-जनित्र बसवा.

उदाहरणात हिवाळ्यात ८५ अंशांवर पुरवठा आणि ४५ अंशांवर परतावा, म्हणजे इमारतींतून परत येणारे पाणी, धरू. उन्हाळ्यात पुरवठा ७० अंशांपर्यंत उतरवता येईल, त्याखाली नको. लिजिओनेला जिवाणू वाढू नये म्हणून इमारतीतले साठवणीचे गरम पाणी ६० अंशांवर ठेवावे लागते, आणि हीट एक्स्चेंजरला (दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या उपकरणाला) थोडा फरक लागतोच.

टप्पा ३: इमारतीच्या आत शिरा

हा टप्पा सर्रास गाळला जातो. केंद्र आखणारा म्हणतो, इमारती माझ्या कामात नाहीत. पण परताव्याचे तापमान केंद्रात ठरत नाही, इमारतीत ठरते.

४५ अंशांच्या परताव्याऐवजी ६५ आला तर काय होते पाहा. २० मेगावॅटसाठी ४० अंशांच्या फरकाने सेकंदाला सुमारे १२० किलो पाणी पुरते. फरक २० अंशांवर आला की तेच पाणी २४० किलो लागते. वाहिनी तीच ठेवून प्रवाह दुप्पट केला तर पंपाची वीज जवळपास आठपट होते. पंप तेवढे रेटू शकला नाही तर टोकाच्या इमारती थंड पडतात. मग तक्रार येते की बॉयलर कमी पडतोय आणि कोणीतरी आणखी एक बॉयलर घेऊन ठेवतो.

प्रत्येक इमारतीत या गोष्टी शोधा:

1. तीन-मार्गी व्हॉल्व्ह. गरज नसलेले गरम पाणी ते सरळ परताव्यात सोडतात. त्याजागी दोन-मार्गी व्हॉल्व्ह आणि वेग बदलणारा पंप.
2. कधीतरी उघडून ठेवलेले आणि नंतर विसरलेले बायपास, म्हणजे पाणी इमारतीत न फिरवता सरळ परत पाठवणाऱ्या जोडवाहिन्या.
3. ८० अंशांच्या पाण्यावर आखलेले जुने रेडिएटर. खिडक्या आणि छताचे इन्सुलेशन सुधारल्यावर हेच रेडिएटर बऱ्याचदा कमी तापमानावरही पुरतात, पण हे खोलीनिहाय पडताळा.

तपासा: प्रत्येक इमारतीला स्वतःचा उष्णता-मीटर आराखड्यात आहे का? नसेल तर पुढे कोणती इमारत परतावा बिघडवते हे कधीच कळणार नाही. खर्च कमी करायची वेळ आली की पहिली कात्री मीटरवर चालते. तिथे ठाम राहा.

टप्पा ४: वाहिन्या

प्री-इन्सुलेटेड पोलादी वाहिन्या, त्यातही फोममध्ये गळती-सूचक तारा असलेल्या घ्या. जोडांवरचे काम पावसात होऊ देऊ नका. ओल आत राहिली तर ती बाहेरून सापडत नाही.

प्रसरणाचे गणित आधी करा. १० अंशांवर बसवलेली १०० मीटर पोलादी वाहिनी ८५ अंशांवर, मोकळी असेल तर, सुमारे ९० मिलिमीटर वाढते. ही वाढ एल किंवा यू आकाराच्या वळणांत सामावायची, की मातीच्या घर्षणाने रोखून ताण सोसायचा, हे खोदाईपूर्वी ठरले पाहिजे.

भविष्यातल्या इमारतींसाठी मुख्य वाहिनीवर झडपांसह फाटे आत्ताच काढून ठेवा. खंदक दुसऱ्यांदा उकरण्यापुढे हा खर्च काहीच नाही. पूर्ण वाहिनीचा व्यास मात्र कागदावरच्या स्वप्नांसाठी वाढवू नका. मोठ्या वाहिनीतून वर्षभर जास्त उष्णता झिरपते.

टप्पा ५: आता यंत्र

सीएचपीचे (उष्णता आणि वीज एकत्र देणाऱ्या यंत्रांचे, म्हणजे कोजनरेशनचेच) आकारमान उष्णतेच्या पायाभूत भारावर ठरवा, विजेच्या कमाल मागणीवर नव्हे.

उदाहरणात प्रत्येकी ३ मेगावॅट उष्णता देणारी दोन गॅस इंजिने घेऊ, म्हणजे मिळून ६ मेगावॅट, कमाल भाराच्या अवघे ३० टक्के. वक्रावर मांडा: ही दोन इंजिने वर्षाला सुमारे ४०,९०० मेगावॅट-तास उष्णता देतात, म्हणजे एकूण गरजेच्या ७१ टक्के. पूर्ण भाराच्या हिशेबात प्रत्येकाला साधारण ६,८०० तास काम मिळते.

आता मोह आवरला नाही आणि अशीच आणखी दोन घेतली तर? एकूण उष्णता ५४,५०० मेगावॅट-तासांवर जाते, पण नव्या दोघांच्या वाट्याला जेमतेम २,२७५ तास येतात. किंमत तितकीच आणि काम एक तृतीयांश. माहितीपत्रक हे सांगणार नाही, वक्रच सांगतो.

इंजिन की टर्बाइन, हा प्रश्न दुसऱ्या टप्प्यात निम्मा सुटलेला असतो. गॅस इंजिन इंधनातल्या ऊर्जेपैकी ४० ते ४५ टक्के वीज आणि जवळपास तेवढीच उष्णता देते, आणि त्यातली मोठी उष्णता ९० अंशांच्या आसपासच्या जॅकेट-पाण्यातून (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यातून) येते. गरम पाण्याच्या जाळ्याला ती चपखल बसते. गॅस टर्बाइनची उष्णता जवळपास सगळी ४५० ते ५५० अंशांच्या धुरात असते, म्हणून उच्च दाबाची वाफ हवी तिथे टर्बाइन. टर्बाइनची क्षमता १५ अंश आणि समुद्रसपाटीला सांगितलेली असते. हवा तापली की ती घटते, आणि ती घट नेमकी उन्हाळ्यात, एअर कंडिशनिंगच्या वेळी येते.

सावधान: इंजिनाच्या जॅकेटमध्ये जाणारे पाणी साधारण ७० अंशांहून गरम असेल तर इंजिनाची उष्णता जाळ्यात घेता येत नाही, इंजिनाच्या रेडिएटरचे पंखे सुरू होतात आणि ती हवेत जाते. तिसरा टप्पा गाळला की त्याची किंमत इथे मोजावी लागते.

आणि एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारा: सीएचपी हवेच का? आवारात थंडावा आणि उष्णता एकाच वेळी लागत असेल, तर चिलर बाहेर टाकतो ती उष्णता हीट रिकव्हरी चिलरने जाळ्यात घेता येते. स्टॅनफर्डने हाच मार्ग धरला, आणि कॅलिफोर्नियाच्या सौम्य हवेत तो शोभतो. बर्फाळ भागात जानेवारीत थंडाव्याची मागणी फारच कमी असते, त्यामुळे तिथे हे उत्तर एकट्याने पुरत नाही. शिवाय ग्रिडची वीज जसजशी स्वच्छ होईल तसतसा गॅसवरच्या सीएचपीचा कार्बन-फायदा आटत जातो. इंजिनाला साधारण ६० ते ८० हजार तासांनी मोठी दुरुस्ती लागते. ती तारीख आराखड्यात लिहा, आणि त्या दिवशी इंजिनाऐवजी उष्णता पंप बसवता येईल एवढी जागा, विजेची जोडणी आणि कमी तापमानाचे जाळे आजच ठेवा.

टप्पा ६: बॉयलर आणि टाकी

कमाल भाराची हमी बॉयलरनी द्यायची. इंजिने बंद आहेत आणि एक बॉयलर दुरुस्तीला उघडला आहे, अशा दिवशीही २० मेगावॅट मिळाले पाहिजेत. १० मेगावॅटचे तीन बॉयलर ही अट भागवतात आणि ७ मेगावॅटचे चारही. मी चार घेईन, कारण वसंत ऋतूतल्या हलक्या भारावर लहान बॉयलर सतत चालू-बंद होत नाही.

कंडेन्सिंग बॉयलर घेतलात तर लक्षात ठेवा: परतावा साधारण ५५ अंशांखाली असला तरच धुरातल्या वाफेचे पाणी होऊन तिची उष्णता मिळते. नाहीतर जास्तीची किंमत मोजून साधाच बॉयलर घेतल्यासारखे होते.

साठवण टाकी ही चैन समजून वगळली जाते, आणि मला ते पटत नाही. ४० अंशांच्या फरकावर ५०० घनमीटरच्या टाकीत सुमारे २२ मेगावॅट-तास उष्णता मावते. एका इंजिनाची सात तासांची उष्णता झाली ही. दिवसा वीज महाग असताना दोन्ही इंजिने चालवा, जास्तीची उष्णता टाकीत भरा, रात्री एक बंद करून टाकीवर भागवा. सकाळच्या उसळीलाही तीच धावते. टाकीत गरम पाणी वर आणि थंड खाली न मिसळता राहिले पाहिजे, म्हणून आत येणाऱ्या पाण्याचा वेग डिफ्यूझरने कमी करा.

टप्पा ७: विजेची जोडणी

आपल्या दोन इंजिनांतून सुमारे ६ मेगावॅट वीज येईल. आवाराची रात्रीची किमान मागणी ५ मेगावॅट असेल तर उरलेली कुठे जाणार, हे वीज कंपनीशी आधी बोला. परवानगीचा अभ्यास महिनोन्महिने चालतो, म्हणून अर्ज टप्पा ५ संपताच द्या.

जुन्या स्विचगिअरची (ब्रेकर-स्विचांच्या संचाची) शॉर्ट-सर्किट क्षमता तपासा. नवे जनित्र जोडले की शॉर्ट-सर्किटच्या वेळचा दोषप्रवाह वाढतो आणि जुने ब्रेकर अपुरे ठरू शकतात. हा खर्च अंदाजपत्रकात नसल्याने प्रकल्प अडकतात.

ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात प्रिन्स्टन विद्यापीठाने ग्रिडपासून वेगळे होऊन स्वतःच्या कोजनरेशन केंद्रावर आवाराचा बराच भाग चालवला. हे आपोआप होत नाही. ग्रिड नसताना केंद्र सुरू करायला वेगळे डिझेल जनित्र किंवा बॅटरी लागते. कोणते फीडर (इमारतींना वीज नेणाऱ्या मुख्य केबल) आधी तोडायचे याचा क्रम ठरवावा लागतो. आणि गॅस इंजिन डिझेलसारखा मोठा भार एकदम उचलत नाही, म्हणून भार लहान पायऱ्यांत द्यावा लागतो.

टप्पा ८: इंधन, परवाने, पाणी

गॅसचा करार खंडित होणारा असेल तर तो सर्वांत थंड दिवशीच खंडित होईल. बॉयलरना तेलाचेही बर्नर द्या आणि काही दिवस पुरेल एवढा तेलसाठा. रस्ते बर्फाने बंद असताना टँकर येत नाही, साठा ठरवताना हे धरा.

नायट्रोजन ऑक्साइडच्या मर्यादा, चिमणीची उंची आणि आवाज हे तीन विषय इमारतीची जागा ठरण्याआधी सोडवा. युरियावर चालणारे धूर-शुद्धीकरण लागले तर त्याची टाकी आणि गोठण्यापासून संरक्षणही लागते.

जाळ्यातले पाणी मृदू केलेले आणि ऑक्सिजन काढलेले हवे. मेकअप पाण्यावर (जाळ्यात नव्याने भरावे लागणाऱ्या पाण्यावर) मीटर बसवा. तो आकडा वाढला म्हणजे कुठेतरी गळती आहे.

टप्पा ९: चालू करणे

इमारतींची जोडणी उन्हाळी सुटीत करा आणि केंद्र सप्टेंबरमध्ये भारावर घ्या, जानेवारीत नव्हे. क्रम असा:

1. वाहिन्यांची दाबचाचणी, मग धुलाई. धुलाई होईपर्यंत हीट एक्स्चेंजर बाजूला ठेवा, नाहीतर वेल्डिंगचा कचरा त्यांत अडकतो.
2. आधी बॉयलर, मग टाकी, सगळ्यात शेवटी इंजिन.
3. ग्रिड तोडून बेटासारखे चालवण्याची चाचणी प्रत्यक्ष भारावर, अंधार पडायच्या आत.
4. एक बॉयलर मुद्दाम बंद ठेवून थंड दिवशीची चाचणी.

जुने बॉयलर पहिला हिवाळा पार पडेपर्यंत काढू नका. त्या हिवाळ्यात दर आठवड्याला सगळ्या इमारतींचे परतावा-तापमान उतरत्या क्रमाने लावा आणि यादीतल्या वरच्या दहा इमारतींचे व्हॉल्व्ह आणि बायपास आधी तपासा. पुढच्या आठवड्यात यादी पुन्हा काढा.